‘शेड्यूल’ म्हणजे नेमके काय?

आपल्या समाजात शाळेची पायरीही न चढलेल्या म्हातारीला जे पाच-दहा इंग्रजी शब्द ठाऊक असतात, त्यांत ‘शेड्यूल’ या शब्दाचा नंबर बराच वरचा लागेल. तिच्या तोंडी तो ‘शेडूलकास’ असा येतो. तिच्या नातवाच्या तोंडी तोच शब्द ‘माझं शेड्यूल टाईट आहे’ असा येतो. तिच्या मुलाच्या पासबुकावर तो एका बँकेच्या नावाखाली छापलेला असतो आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटावर तो तांबड्या चौकटीत असतो. एकाच घरात चार ठिकाणी हा शब्द नांदतो. पण चारही ठिकाणी त्याचा अर्थ एकच आहे की वेगवेगळा, हे कोणी कोणाला विचारत नाही.

मध्यंतरी विहारात जातीच्या दाखल्याचे फॉर्म भरून देण्याचे काम चालू होते. बारावी सायन्सला चांगले गुण मिळवलेल्या एका मुलीने आम्हाला विचारले, ‘‘काका, शेड्यूल म्हणजे टाईमटेबल ना? मग शेड्यूल्ड कास्ट म्हणजे काय, टाईमटेबलातली जात?’’ शेजारी बसलेले सगळे हसले. आम्हाला मात्र तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. ज्या शब्दावर आपली शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव मतदारसंघ आणि संरक्षणाचे कायदे उभे आहेत, तो शब्द कुठून आला हे आपल्या मुलांना कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मूळ शब्द : एक चिठ्ठी

‘शेड्यूल’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. पपायरस नावाच्या लव्हाळ्यापासून प्राचीन काळी कागद करीत. त्या कागदाच्या पट्टीला ‘स्केडा’ आणि लहानशा पट्टीला ‘स्केड्युला’ म्हणत. म्हणजे मूळ अर्थ चिठ्ठी, चिटोरे. हा शब्द फ्रेंच भाषेतून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. त्या वेळी मोठ्या दस्तऐवजाला टाचून दिलेल्या लहान कागदाला तो लावीत असत. दस्तऐवजात सांगायचे ते सांगून झाले आणि नावांची, वस्तूंची, रकमांची लांबलचक यादी द्यायची असली, की ती वेगळ्या कागदावर लिहून शेवटी जोडायची. त्या जोडकागदाला शेड्यूल म्हणत. पुढे जोडकागद म्हणजे यादी, आणि यादी म्हणजे वेळांची यादी, असा अर्थ पसरत गेला. गाड्यांच्या वेळापत्रकाला शेड्यूल म्हणण्याची रीत बरीच उशिराची, रेल्वेच्या जमान्यातली आहे.

उच्चाराचेही तसेच. जुने इंग्रज ‘सेड्यूल’ म्हणत, नंतर ‘शेड्यूल’ म्हणू लागले. अमेरिकेत वेबस्टर नावाच्या कोशकाराने ‘स्के’ हा उच्चार पुढे आणला, म्हणून तिकडे ‘स्केज्यूल’. कॉल सेंटरमध्ये काम करणारी आपली मुले हल्ली तसे म्हणतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची चूक काढतात. मुलांनी तशी चूक काढू नये, दोन्ही उच्चार बरोबर आहेत.

मराठीत सरकारी भाषेने याला ‘अनुसूची’ हा शब्द दिला आहे. जुन्या लिखाणात ‘परिशिष्ट’ असेही सापडते. पण शेवटी लोकांच्या तोंडी राहिला तो ‘शेड्यूल’च.

पासबुकावरचे शेड्यूल आणि गोळीवरचे शेड्यूल

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गिरणी कामगार होते. त्यांनी आपली ग्रॅच्युइटीची रक्कम एका सहकारी बँकेत ठेवली. का, तर पाटीवर ‘शेड्यूल्ड बँक’ असे लिहिले होते! ही आपल्या लोकांची बँक, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ चा आहे आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये ज्या बँकांची नावे आहेत त्या ‘शेड्यूल्ड बँका’, एवढाच त्याचा अर्थ. जातीशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही. भरणा झालेले भांडवल आणि गंगाजळी मिळून किमान पाच लाख रुपये असावेत आणि ठेवीदारांच्या हिताला बाध येईल असा कारभार नाही अशी रिझर्व्ह बँकेची खात्री व्हावी, अशा अटींवर बँकेचे नाव त्या यादीत जाते.

येथे एक गोष्ट सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते. पाटीवर शेड्यूल्ड असे लिहिले म्हणजे पैसा बुडत नाही असे नव्हे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक शेड्यूल्डच होती. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला हजार रुपयांच्या वर रक्कम काढता येत नव्हती. त्या वेळी ठेवीचा विमा एक लाखापर्यंत होता, तो ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत झाला. हा विमा बँक शेड्यूल्ड आहे की नाही यावर ठरत नाही. तेव्हा आयुष्याची पुंजी एकाच बँकेत पाच लाखांच्या वर ठेवू नये, हे पाटी वाचण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

आता गोळ्यांचे पाकीट. औषधांचे नियम १९४५ चे आहेत आणि त्यांना अनेक शेड्यूले जोडलेली आहेत. त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत. ‘शेड्यूल एच’ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून दुकानदाराने विकू नयेत अशा औषधांची यादी. अशा पाकिटावर तांबडी उभी रेघ आणि इशारा असतो. २०१३ साली त्यात ‘शेड्यूल एच-१’ ही आणखी एक यादी घालण्यात आली आणि ती १ मार्च २०१४ पासून अमलात आली. तीत काही भारी अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधे आणि काही झोपेच्या गोळ्या आहेत. ही औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रोग्याचे नाव आणि दिलेले प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवायची असते. आपल्या वस्त्यांत काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. ताप आला की कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ‘दोन दिवसांच्या गोळ्या द्या’ म्हणायचे, आणि बरे वाटले की उरलेल्या गोळ्या शेजारणीला द्यायच्या. भगिनींनो, तांबडी रेघ दिसली तर ते पाकीट कोणाला देऊ नका. क्षयाचे औषध तर मध्येच सोडू नका, ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

कामगाराच्या अंगठ्याची किंमत

गिरणी-कारखान्यातल्या माणसाला शेड्यूलची गाठ आणखी एका ठिकाणी पडत असे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. त्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये शरीराच्या कोणत्या भागाची किती टक्के हानी धरायची याची यादी होती. अंगठा गेला तर तीस टक्के. दुसरा चांगला असताना एक डोळा गेला तर चाळीस टक्के. दोन्ही हात गेले तर शंभर टक्के. वाचताना अंगावर काटा येतो. पण ही यादी नसती तर मालकाने अंगठ्याचे किती दिले असते, याचाही विचार करावा. आणखी एका शेड्यूलमध्ये धंद्यामुळे होणारे रोग होते. त्यात कापसाच्या धुळीने फुप्फुस निकामी होण्याचा रोगही होता. आपल्या किती तरी वडीलधाऱ्यांनी गिरणीच्या खात्यांत आयुष्य काढले आणि पुढे म्हातारपणी खोकत दिवस काढले. त्यांना आपला खोकला कायद्याच्या यादीत आहे हे कोणी सांगितले नाही.

किमान वेतनाचेही तेच. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. या कायद्याला एक शेड्यूल होते आणि त्यात धंद्यांची नावे होती. तुमचा धंदा यादीत असेल तर किमान वेतन लागू, नसेल तर नाही. सरकार यादीत भर घालू शकत असे आणि घालतही गेले, पण यादीबाहेर राहिलेल्याची दाद लागत नसे. २०१९ च्या वेतन संहितेने ही यादीची अट काढून टाकली, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नव्या कामगार संहितांबद्दल आमचे अनेक आक्षेप आहेत, ते पुन्हा केव्हा तरी. पण किमान वेतनाला धंद्याची यादी नको, ही गोष्ट चांगली झाली.

एवढ्यावरून वाचकांच्या एक ध्यानात आले असेल. शेड्यूल कोणतेही असो, त्यात नाव आहे की नाही यावर सारे ठरते. कायद्याचा मजकूर कितीही उदार असो, जोडकागदावर तुमचे नाव नसेल तर तो मजकूर तुमच्यासाठी नाही.

जे कॉमर्स शिकले आहेत त्यांना हा शब्द ताळेबंदातही भेटलेला असेल. कंपनीच्या ताळेबंदात वर फक्त बेरजा असतात आणि तपशील मागच्या शेड्यूलमध्ये असतो. आम्हाला शिकवणारे प्राध्यापक म्हणत, बेरीज कोणीही वाचतो, हिशेबनीस मागची पाने वाचतो. घराच्या खरेदीखतातही शेवटी शेड्यूल असते, त्यात जागेच्या चतुःसीमा असतात. सही करण्यापूर्वी ते पान वाचावे.

घटनेतील बारा शेड्यूले

बाबासाहेबांनी घटना दिली तेव्हा तिला आठ शेड्यूले होती, आज बारा आहेत. सगळ्यांची माहिती देत बसलो तर अंक पुरणार नाही. पाचवे आदिवासी क्षेत्रांचे आहे, आपल्या राज्यातील गडचिरोली, नंदुरबार, पालघर वगैरे भागांतील आदिवासी बांधवांना त्याचे महत्त्व कळते. नववे १९५१ साली पहिल्या घटनादुरुस्तीने आले, जमीन सुधारणेचे कायदे कोर्टात अडकू नयेत म्हणून. दहावे १९८५ चे, पक्षांतरबंदीचे. त्याचे काय भजे झाले ते महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको.

आठवे मात्र आपल्या जिव्हाळ्याचे आहे. ते भाषांचे. सुरुवातीला त्यात चौदा भाषा होत्या, मराठी त्यांत पहिल्यापासून आहे. आज बावीस आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला तेव्हा राज्यभर पेढे वाटले गेले. त्याच दिवशी, त्याच निर्णयात पालीलाही तो दर्जा मिळाला. तथागतांचा उपदेश ज्या भाषेत जपला गेला, ज्या भाषेत आपण रोज त्रिसरण आणि पंचशील म्हणतो, ती भाषा अभिजात ठरली आणि तरीही आठव्या शेड्यूलमध्ये ती नाही. आपल्या विहारांत याची फारशी चर्चा झाली नाही याचे आम्हाला वाईट वाटते.

गंमत अशी की आपण ज्याला शेड्यूल्ड कास्ट म्हणतो, ती यादी या बारांपैकी एकाही शेड्यूलमध्ये नाही. अनेक शिकलेले कार्यकर्तेही भाषणात ‘घटनेच्या अनुसूचीत आपली जात आहे’ असे ठोकून देतात. घटनेत आहे ते ३४१ वे कलम. राष्ट्रपतींनी राज्यपालांशी विचारविनिमय करून जाहीर अधिसूचनेने प्रत्येक राज्यासाठी जातींची यादी ठरवावी, आणि एकदा ठरल्यावर त्या यादीत नाव घालणे वा काढणे फक्त संसदेने कायद्याने करावे, असे ते कलम सांगते. त्याप्रमाणे १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि यादी त्या आदेशाला जोडलेली आहे. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

हे नाव कसे पडले

इंग्रजी अमलात आपल्याला सरकारी कागदांत ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणजे दबलेले वर्ग म्हणत. बाबासाहेबांना ते नाव मान्य नव्हते. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, नोव्हेंबर १९३१ मध्ये, त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे पुरवणी निवेदन दिले त्यात हे नाव बदला अशी स्पष्ट मागणी होती आणि पर्यायी नावेही सुचवली होती. त्या काळचे जनगणना आयुक्त हटन यांनी १९३१ च्या जनगणनेत ‘एक्स्टिरियर कास्ट्स’, म्हणजे बाहेरच्या जाती, असे नाव वापरले. १९३२ साली पुणे करार झाला, राखीव जागा ठरल्या, आणि त्या जागा कोणासाठी हे कायद्यात लिहिणे भाग पडले. १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टमध्ये ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हे नाव आले आणि ३० एप्रिल १९३६ च्या आदेशाने प्रांतवार यादी निघाली. पूर्वी ज्यांना डिप्रेस्ड क्लासेस म्हणत त्यांच्याशी मिळत्याजुळत्या जाती, अशी त्याची व्याख्या होती.

त्याच सुमारास गांधीजींनी दिलेला ‘हरिजन’ हा शब्द जोरात होता. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत एका विधेयकात हा शब्द घालण्यावरून स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला होता. आमच्या मते यातच ‘शेड्यूल्ड कास्ट’ या शब्दाची खरी योग्यता कळते. हरिजन या शब्दात गोडवा होता, कीव होती, देणाऱ्याचा मोठेपणा होता. शेड्यूलमध्ये यांतले काहीच नाही. तो कोरडा, दप्तरी शब्द आहे, रेल्वेच्या वेळापत्रकासारखा. दया दाखवणाऱ्याचा हात केव्हाही मागे जाऊ शकतो, पण कायद्याच्या यादीतले नाव कोर्टात दाखवता येते. जुलै १९४२ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या देशव्यापी पक्षाला नाव दिले तेही ‘ऑल इंडिया शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन’. आपली जुनी माणसे त्याला ‘शेकाफे’ किंवा ‘दलित फेडरेशन’ म्हणत.

अर्थात शब्द कोरडा असला तरी तोंडे कोरडी नसतात. कचेऱ्यांतून हा शब्द कसा वापरला जातो ते आम्ही इतकी वर्षे ऐकत आलो आहोत. प्रमोशनची ऑर्डर निघाली की दोन टेबलांपलीकडून दबक्या आवाजात ‘शेड्यूलचा आहे तो’ असे येते. जातीचे नाव उच्चारले तर ॲट्रॉसिटीचा कायदा आडवा येईल म्हणून या शब्दाचा पडदा. चौथ्या मजल्यावर आमच्याच एका भगिनीला टंकलेखनाची स्पर्धापरीक्षा खुल्या जागेवर पास होऊनही ‘शेड्यूल कोटा का?’ असे तीनदा विचारले गेले. तिने तिसऱ्या वेळी गुणपत्रिकाच समोर ठेवली. अशी गुणपत्रिका पर्समध्ये घेऊन फिरण्याची वेळ दुसऱ्या कोणावर येत नाही.

चौतीस वर्षे यादीबाहेर

आता खरा मुद्दा. १९५० च्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदात असे होते की हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाब भागातील शिखांच्या चार जातींना तेवढी सूट होती आणि १९५६ मध्ये ती सर्वच शिखांना मिळाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मक्रांती झाली. शीख आत आले आणि आपण बाहेर गेलो, एकाच वर्षी!

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या होती २,४८७. १९६१ मध्ये ती झाली २७ लाख ८९ हजारांच्या वर. या लाखो लोकांपैकी प्रत्येकाने ‘धर्म’ या रकान्यात बौद्ध लिहिताना केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडले होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या सवलती बौद्धांना दिल्या, हे मान्य केले पाहिजे. पण रेल्वे, पोस्ट, बँका, केंद्राच्या शिष्यवृत्त्या आणि राखीव मतदारसंघ यांची दारे बंद होती. १९६२ च्या निवडणुकीत एका राखीव जागेवरून डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांच्या निवडीला आव्हान दिले गेले आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की त्यांनी बौद्ध धम्म जाहीरपणे स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे उरलेले नाहीत. निवड रद्द झाली.

या काळात काही कुटुंबांनी घरात बुद्धवंदना आणि कागदावर हिंदू असे दुहेरी जीवन पत्करले. त्यांना आज दोष देणे सोपे आहे. पाच लेकरे आणि एक नोकरी असलेल्या बापाने काय करायला हवे होते, हे सांगण्याचा अधिकार आम्ही तरी घेत नाही. ज्यांनी नुकसान सोसून बौद्ध लिहिले त्यांच्यापुढे मात्र आमचे मस्तक नम्र होते. अखेर १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना, संसदेने तिसरा परिच्छेद दुरुस्त केला. हिंदू आणि शीख यांच्याबरोबर ‘बौद्ध’ हा एक शब्द घातला गेला. त्या एका शब्दाला चौतीस वर्षे लागली.

दाखला आणि जनगणना

१९९० च्या कायद्याने काय बदलले आणि काय बदलले नाही, इथे बहुतेकांचा घोळ होतो. बदलला तो परिच्छेद. यादी बदलली नाही. महाराष्ट्राच्या यादीत ५९ नोंदी आहेत. त्यांत ३७ व्या क्रमांकावर महार, मेहरा, तरळ वगैरे, ४६ व्या क्रमांकावर मांग, मातंग वगैरे, ११ व्या क्रमांकावर भांबी, चांभार वगैरे. त्या ५९ मध्ये ‘बौद्ध’ नाही, ‘नवबौद्ध’ही नाही. बौद्ध हा धम्म आहे, जात नाही, त्यामुळे तो जातींच्या यादीत नसणे हेच योग्य. राज्य सरकारच्या योजनांच्या नावांत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असे अजून येते. सात दशके झाली तरी आपण नवेच, हा ‘नव’ केव्हा जुना होणार कोण जाणे!

म्हणून केंद्राच्या कामासाठी दाखला काढताना धर्म बौद्ध आणि जात मात्र यादीतली, पूर्वजांची, असे दोन्ही लागते. आणि तिथे ती तारीख पुढे येते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेलेले नसतात. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी १९५६ नंतर नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असते. मग गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक, वतनाचे जुने कागद, चुलत आजोबांचा दाखला, असे शोधत फिरावे लागते. मुंबईत तिसरी पिढी वाढली, गावचे घर पडले, भावकीत बोलणे नाही, अशा वेळी हा कागद मिळवणे किती जड जाते ते ज्याचे त्यालाच कळते. मुलगा दहावीला असतानाच हे काम हाती घ्या. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरी कोणाची वाट पाहत नाही.

आता जनगणना आली आहे. १६ जून २०२५ रोजी केंद्राने अधिसूचना काढली आणि २०२७ च्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस ठरवला. या वेळी सर्वच जातींची मोजणी होणार असेही एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाले. योगायोग असा की जनगणनेच्या कागदालाही इंग्रजीत शेड्यूलच म्हणतात, ‘हाउसहोल्ड शेड्यूल’. म्हणजे शेड्यूलवर शेड्यूल्ड कास्ट लिहायचे आहे. यावरून समाजात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, जात टाकली, आता कागदावर ती पुन्हा का लिहायची? दुसरा म्हणतो, जात लिहिली नाही तर अनुसूचित जातींत आपली मोजणी होणार नाही, राखीव जागा आणि निधी लोकसंख्येवर ठरतो, मग पुढच्या पिढीचे नुकसान कोण भरून देणार?

पहिल्या तटाची तळमळ आम्हाला कळते, त्यात तरुण मुले जास्त आहेत आणि त्यांचे मन स्वच्छ आहे. तरी आमचे मत दुसऱ्या बाजूला पडते. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’, याबाबत तडजोड नाही. ‘हिंदू’ लिहिले तर त्या पूर्वजांचे चौतीस वर्षांचे सोसणे वाया जाईल. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख ३१ हजार मोजले गेले, आणि देशातील ८४ लाखांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक आपल्याच राज्यात. हा आकडा खरा वाटतो का, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. आपल्याच नातलगांनी मागच्या वेळी काय लिहिले ते प्रत्येकाने आठवून पाहावे. आणि जातीच्या रकान्यात यादीतले नाव, कारण तो रकाना कायद्याच्या यादीशी जुळवायचा आहे, आपल्या ओळखीशी नाही. तिथे ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ लिहिले तर ते कोणत्याच क्रमांकाशी जुळत नाही. ते नाव कागदापुरते. लग्नाच्या पत्रिकेत, मुलीच्या स्थळाच्या चौकशीत आणि पोटजातीच्या कुजबुजीत जे ते नाव जपतात, त्यांच्याशी आमचे भांडण वेगळे आहे.

गणनेला येणारा शिक्षक या वेळी मोबाइलवर माहिती भरेल. स्वतः भरण्याचीही सोय ठेवल्याचे सरकारने सांगितले आहे. गणक घाईत असेल, ‘धर्म हिंदूच ना?’ असे विचारून बोट पुढे सरकवेल. दारात उभ्या असलेल्या बाईने, ती एकटी असली तरी, ‘थांबा, बौद्ध लिहा, आणि लिहिलेले मला दाखवा’ असे म्हणावे. घरातल्या सुनांना आणि शाळकरी मुलांना हे आधीच सांगून ठेवा, कारण गणक दुपारी येतो आणि दुपारी घरात त्याच असतात.

दाखल्याच्या कामासाठी रविवारी वंदनेनंतर आमच्याकडे विहारात यायचे असेल तर झेरॉक्सबरोबर मूळ कागदही आणावेत. आजोबांच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी गावाचे नाव असते, वडिलांच्या दाखल्यावर नवे आडनाव असते आणि आधार कार्डावर तिसरेच स्पेलिंग असते. झेरॉक्सवर काना-मात्रा नीट दिसत नाहीत, आणि पडताळणी समितीपुढे प्रकरण अडते ते नेमके तिथेच.